हातभर माती

खांबाच्या बुडाशी हातभर खोल खणून पाहायचं असतं. मी खणलं नव्हतं. किट्टण्णांनी विचारलं तेव्हा मात्र "पाया पाहिला" म्हणालो. माझी चूक एवढ्यातच संपते. तिच्यामागून जे झालं ते इतक्या थोडक्यात सांगता येत नाही, आणि बारा वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

कार्तिक सरत आला की बंगळुरात बसवनगुडीच्या हवेत ओल्या मातीचा वास भरतो. पाऊस नसला तरी भरतो, कारण तो भुईमुगाच्या शेंगांचा असतो. शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी कडलेकाय परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा भरते. आदल्या दिवसापासूनच गावोगावच्या बैलगाड्या येऊन लागतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पोती उपडी होतात. शेंग नुकती उपटलेली असते, तिला शेताची माती तशीच चिकटलेली असते. बायका ढिगामागं मांडी घालून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर चार शेंगा ठेवतात. चव बघा, मग घ्या.

मी त्या दिवसांत लांबच्या रस्त्यानं घरी येतो. आमच्या वठारातल्या, म्हणजे चाळीतल्या, दोन खोल्यांत मात्र वास येतोच. माझी बायको कमल टोपलीभर शेंगा उकडते आणि दरवर्षी तेच बोलते.

"बेळगावकडचा माणूस आणि शेंगेला हात लावत नाही. तुमची पत्रिका परत एकदा बघून घ्यायला हवी होती."

लग्न त्या घटनेच्या पुढच्या वर्षी झालं, म्हणून तिला वाटतं मी जन्मापासून असाच. पूर्वी मी खिसे भरून शेंगा घेऊन लाइनीवर जात असे आणि टरफलं रुळांच्या खडीत टाकत असे, हे तिला कुठून ठाऊक असणार?

शेंगेचं पीक विचित्र असतं. वर पाला हिरवागार असतो आणि खाली सगळ्या शेंगा पोचट निघतात. कधी पिवळं पडलेलं रोप उपटावं, तर मुळाशी घोस लगडलेला. वरून पाहून काही कळत नाही, उपटूनच बघावं लागतं. कुणब्याच्या घरातल्या लहान मुलीलाही हे सांगावं लागत नाही. मला तर ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात छापील नियमांतून शिकवलं होतं.

त्या वर्षांत मी तारांच्या लाइनीवर इन्स्पेक्टर होतो. वय सत्तावीस. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, आणि तिकडची माझी कानडी इथं येऊन प्रत्येक दुकानात अडखळत होती. बंगळूरहून म्हैसूरकडं जाणाऱ्या रुळांच्या कडेनं तारांचे खांब जात. त्यातला केंगेरीपर्यंतचा तुकडा माझ्याकडं होता. बाकी ठिकाणी लोखंडी नळीचे खांब असत, पण या तुकड्यात लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना म्हणून लाकडी खांब उभे केलेले. लाकूड वरून कधी कुजत नाही. ते कुजतं जमिनीच्या रेषेपाशी, जिथं माती आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून खांबाभोवती हातभर खणायचं, डांबर खरवडायचं, टोकदार सळई दाबून बघायची. सळई आत गेली की खांबावर लाल फुली मारायची, त्यावर कुणी चढायचं नाही. नाही गेली की माती परत भरून धुमसायची आणि छातीएवढ्या उंचीवर पांढऱ्या रंगाचं कडं ओढून त्यात त्या सालाचे आकडे घालायचे. नियमात असं होतं की चढणाऱ्यानंही चढण्याआधी खांब ठोकून बघावा. पण चालू सालाचं पांढरं कडं असलं की कुणी ठोकत नसे. ते कडं म्हणजे इन्स्पेक्टरनं दिलेला शब्द. शब्दावर परत ठोकून बघणं लाइनमनांना अपमानाचं वाटे, त्यांच्या नव्हे, इन्स्पेक्टरच्या अपमानाचं.

किट्टण्णा म्हणजे कृष्णोजी. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेल्या मराठ्यांच्या घरातले. माझ्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठे, काटक, कानात बाळी. वीस वर्षं लाइनीवर काढलेली, आणि आता मिस्त्रीची जागा रिकामी झाली की ती त्यांनाच मिळणार हे सगळे धरून चाललेले. हुद्द्यानं मी वरचा, पण त्यांना अरेतुरे करणं मला कधी जमलं नाही. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि दोन्हींचं त्यांनी एकच करून टाकलं होतं. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाले, "तुम्ही बेळगावची माणसं मराठीला इस्त्री करून बोलता, साहेब. आमची नुसती धुवून वाळत टाकलेली. अंगात घालता येते, अष्टे, एवढंच."

त्या परक्या गावात ती वाळत टाकलेली मराठी मला किती आधाराची होती ते मलाच माहीत.

लाइनीवर चालायचं कसं ते त्यांनी शिकवलं. ज्या बाजूनं गाडी यायची तिकडं तोंड करून चालायचं. रुळावर पाय द्यायचा नाही, ओला रूळ लोण्यासारखा असतो. शिडी रुळांवरून आडवी न्यायची नाही. गाडी जाताना अंगाची घडी करून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, इंजिनाची राख डोळ्यांत जाते. आणि सगळ्यांत मोठा नियम बावट्याचा. एकजण खांबाशी काम करत असताना दुसऱ्यानं वळणावर लाल बावटा घेऊन गाडीकडं बघत उभं राहायचं. त्यानं मागं वळून बघायचं नाही. कामाकडं त्याची पाठच असली पाहिजे.

"तुम्ही खांब बघा, मी गाडी बघतो," ते म्हणत. "दोघंही दोन्हीकडं बघायला लागलो तर कुठंच कुणी बघत नाही."

चालता चालता कधी ते खांबाला कान लावून उभे राहत. वाऱ्यानं तारा गुणगुणत असत. "कुणाला तरी मूल झालंय, कुणाचं तरी कुणी गेलंय," ते म्हणत. "सगळं आपल्या डोक्यावरून चाललंय साहेब, आणि आपल्याला नुसतं गूंऽऽ."

आजही मी लाकूड दिसलं की ठोकतो. दाराच्या चौकटी, बाजेचे पाय, पाहुण्यांच्या घरचं कपाट. बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. कमल वैतागते. "भाड्याचं घर आहे, विकत घ्यायचं नाहीये," म्हणते. मी हसतो. तिला वाटतं सवय आहे. सवयच आहे. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड बसक्या आवाजात बोलतं, आणि दोन्हीही फक्त जिथं ठोकाल तिथलंच सांगतात. हातभर खाली काय आहे ते सांगत नाहीत. मग मी का ठोकतो? बारा वर्षं मी बहुधा लाकडाकडून हेच ऐकायचा प्रयत्न करतोय, की त्या दिवशी कुणालाच कळलं नसतं. लाकूड तसं म्हणत नाही.

तो श्रावणातला दिवस होता, नागपंचमी होऊन दोनच दिवस झालेले. वृषभावती नदी भरून वाहत होती आणि रुळांच्या कडेला गवत मांडीएवढं वाढलेलं. सकाळपासून आम्ही अठरा खांब केले होते. किट्टण्णा वळणावर बावटा घेऊन उभे होते, माझ्याकडं पाठ करून. मी पहार घेऊन एकोणिसाव्या खांबाशी आलो आणि थांबलो.

खांबाच्या बुडाला लागून गुडघ्याएवढं वारूळ होतं. इकडं त्याला हुत्त म्हणतात आणि हुत्त म्हणजे नागाचं घर. त्यावर हळदकुंकवाचे थर, सुकलेली फुलं, ओतलेल्या दुधाचे ओघळ. लाइनीजवळच्या घरांतल्या बायका दरवर्षी तिथं येत. दोघीजणी त्या वेळीही तिथंच होत्या. माझ्या हातातली पहार बघून त्यातली म्हातारी कानडीत म्हणाली, "मुट्टबेडप्पा." हात लावू नको रे बाबा.

वारूळ म्हणजे वाळवीचं घर. खांबाला वारूळ टेकलेलं असणं यासारखी धोक्याची दुसरी खूण नाही. हे मला माहीत होतं. तिथंच सगळ्यांत खोल खणायला हवं होतं. किट्टण्णांना हाक मारली असती तर ते आले असते, नमस्कार करून म्हातारीशी दोन शब्द बोलून त्यांनी बाजूनं खणलं असतं. किंवा मी लाल फुली मारून मोकळा झालो असतो. यांतलं मी काही केलं नाही. बिळात साप असेल याची भीती होती, उरलेल्या खांबांचा कंटाळा होता, आणि या दोन्हींवर पांघरायला देवाचं नाव आयतं मिळालं होतं. यातलं कशाचं किती, हे मला आजही सांगता येत नाही. मी छातीच्या उंचीवर हातोडीनं दोनदा ठोकलं. टणक आवाज आला. पांढरं कडं ओढलं, सालाचे आकडे घातले. ब्रशातला एक थेंब खाली वारुळावर पडला. ब्रश हातात तसाच धरून मी वारुळाला नमस्कार केला. म्हातारीला माझं कौतुक वाटलं.

गाडी गेल्यावर किट्टण्णा परत आले. कड्याकडं बघितलं, मग वारुळाकडं.

"पाया बघितला का, साहेब? हुत्ताच्या बाजूनं?"

"पाहिला."

"नागप्पाला सांगून खणलंत ना?"

"हो."

"सरी, ठीक," म्हणाले आणि शिडीचं पुढचं टोक उचललं.

कार्तिकात ईशान्येचा पाऊस झोडपून गेला. परिषेच्याच आठवड्यात, जत्रेच्या आदल्या गुरुवारी. जागोजाग तारा तुटल्या आणि माणसं वाटून द्यावी लागली. केंगेरीच्या अलीकडं निलगिरीची फांदी तारांवर पडली होती, तिकडं आम्ही दोघंच गेलो. माझ्या खिशात शेंगा होत्या. चालत चालत खांबांचे आकडे मोजत होतो आणि सतराव्याशी माझ्या लक्षात आलं की फांदी कुठं पडली असणार.

एकोणिसाव्या खांबावरचा चिनी मातीचा पांढरा कप, ज्याला किट्टण्णा पिंगाणी म्हणत, फुटून लोंबत होता. वारूळ पावसानं फुगून वीतभर वर चढलं होतं, त्यावर ताजं कुंकू होतं. आणि वर माझं पांढरं कडं.

किट्टण्णांनी कमरेचा पट्टा खांबाभोवतून घेतला. बावटा माझ्या हातात होता. मी म्हणालो, "किट्टण्णा, जरा ठोकून बघा."

ते हसले. "तुमचं कडं आहे की. ठोकायला काय नारळ घ्यायचाय?"

त्या क्षणी माझ्या तोंडात चार शब्द होते. चढू नका, खणलेलं नाही. ते बाहेर काढले असते तर श्रावणातलं "पाहिला" खोटं ठरलं असतं, आणि या माणसासमोर मी खोटा ठरलो असतो. त्यांच्या जिवाच्या आणि माझ्या अब्रूच्या मध्ये मी तिथं उभा होतो, आणि मला अजून विश्वास बसत नाही की मला निवड करायला वेळ लागला. पण वेळ लागला. तेवढ्यात ते दोन हात वर चढलेही होते. "बावटा घ्या साहेब, दहाची गाडी यायची," म्हणाले. मी वळणावर जाऊन उभा राहिलो. गाडीकडं तोंड, त्यांच्याकडं पाठ.

नियम होता मागं बघायचं नाही. मी नियम पाळला. आयुष्यात इतक्या आनंदानं कुठला नियम पाळला नसेल.

आवाज मोठा नव्हता. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. मग तारांचा एक लांब झणकार, दोन्ही दिशांना पळत गेलेला. मी वळलो तेव्हा खांब उताराकडं आडवा झाला होता. पट्ट्यानं ते खांबालाच बांधलेले होते, जो पट्टा पडू नये म्हणून बांधायचा त्यानंच त्यांना खाली नेलं होतं. उजवा पाय खांबाखाली होता. गाल मातीला टेकलेला, मोडलेल्या बुंध्याशी, फुटलेल्या वारुळाजवळ. मी पळत गेलो. ते माझ्याकडं बघत नव्हते, वारुळाकडं बघत होते. मग मला पाहून म्हणाले, "तुम्ही गाडी बघा, साहेब. तार रुळावर आलीय. गाडी बघा."

मी बावटा घेऊन पळालो, त्यांच्यापासून लांब. गाडी थांबली. रुळांवर काम करणारे गँगमन धावत आले आणि त्यांनी खांब उचलला. माझ्या खिशातल्या शेंगा कुठं सांडल्या ते कळलं नाही.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. मी दवाखान्यात एकदा गेलो, एकदाच. खाटेशेजारी त्यांची बायको गिरिजक्का बसली होती. किट्टण्णांनी विचारलं, "हुत्त पार फुटला ना, साहेब? सगळा उघडा पडला होता ना?" मला वाटलं देवाची काळजी करतायत. मी म्हणालो, "हो, फुटला." ते छताकडं बघत राहिले.

चौकशी झाली. टेबलापलीकडचे साहेब थकलेले होते, त्यांना संध्याकाळच्या आत कागद पुरा करायचा होता.

"तपासणी नियमाप्रमाणं केली होती?"

"हो."

"चढण्याआधी त्याला काही सांगितलंत?"

"ठोकून बघा म्हणालो होतो."

"त्यानं ठोकलं?"

"नाही."

तीन उत्तरं. त्यातलं पहिलंच खोटं होतं. उरलेली दोन खरी होती, आणि घात खऱ्यांनीच केला. सूचना देऊनही कामगारानं हयगय केली, असं कागदावर आलं. वाळवी तीन महिन्यांत लागली असेल, असंही. लाकडाबद्दल ज्याला काही कळतं त्याला हे पटलं नसतं, पण त्या खोलीत लाकडाबद्दल कळणारा एकटा मीच होतो. मिस्त्रीची जागा दुसऱ्याला गेली. किट्टण्णांनी लाइनीजवळचं घर रिकामं केलं आणि ते केंगेरीत भावाच्या परसातल्या खोलीत राहायला गेले.

पुढच्या वर्षापासून मी इतकं खणायला लागलो की माणसं हसायची. हातभर सांगितलं असलं तर मी दीड हात खणणार. लोखंडी नळीच्याही बुडाशी खणणार. लाइनमनांनी माझं नाव हेग्गण साहेब ठेवलं. हेग्गण म्हणजे घूस. माझ्या पाठीमागं म्हणत, आणि मला ऐकू आलं तर मला बरं वाटे. मी सुपरवायझर झालो. माझ्या हाताखाली एकही माणूस पडला नाही असं निरोपाच्या आणि बढतीच्या भाषणांत लोक सांगतात. मी मान खाली घालून ऐकतो, त्याला ते विनय म्हणतात.

रात्री झोप लागते. हेच सांगायला लाज वाटते. माणसाला वाटतं इतकं मोठं ओझं असलं की झोप लागणार नाही, पण लागते, भूक लागते, मुलाच्या मुंजीत मी वरणभाताला परत एकदा वाढून घेतलं. फक्त मध्येच, दाढी करताना, बसच्या रांगेत, कुणी "साहेब, तुमच्यावर भरवसा आहे" म्हणालं की पोटात काहीतरी एकदम पोकळ होतं. तिथं ठोकलं तर बसका आवाज येईल. मी कितीदा केंगेरीच्या बसमध्ये चढलो आणि वाटेतच उतरून परत आलो. देवळात जाऊन बसलो. देवाला सांगणं सोपं होतं, त्याचा पाय गेलेला नव्हता.

या वर्षी त्या तुकड्यातले लाकडी खांब काढून लोखंडी लावायचं ठरलं. देखरेख माझी. एकेक खांब उपटून उताराला टाकलेला मी बघत होतो. चांगले होते पुष्कळसे, अजून दहा वर्षं टिकले असते. एकोणिसाच्या जागी तेव्हापासूनच लोखंडी आहे, त्याला हात लावायचा नव्हता. पण त्याच्या बुडाशी नवं वारूळ उभं राहिलेलं, त्यावर हळदकुंकू. लोखंडाला वाळवी काय करणार? तरी ती आपली तिथंच घर बांधत होती.

जुन्या खांबांचं रजिस्टर बंद करून त्यावर माझी सही हवी होती. पान उलटता उलटता एकोणिसावा आला. पुढं माझ्याच अक्षरात, "तपासणी केली, पाया उत्तम." त्याखाली दुसऱ्या शाईत, "कामगाराच्या हयगयीमुळे अपघात." एका पानावर दोन ओळी, आणि दोन्ही माझ्या. हे पान बंद झालं की कायमचं बंद होणार होतं. मी सही केली नाही. कोरा कागद घेतला आणि लिहिलं की मी पाया खणला नव्हता, मी चौकशीत खोटं बोललो, लाइनमन कृष्णोजी यांचा काही दोष नाही. लिहायला दहा मिनिटं लागली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "बारा वर्षांनी कशाला? निवृत्तीपर्यंत गप्प राहिला असतात तरी कुणी विचारलं नसतं."

"म्हणूनच दिला."

"तुमचं काय होईल मला सांगता येत नाही. त्याचंही काय होईल ते सांगता येत नाही."

"घ्या मात्र," मी म्हणालो.

त्या दिवशी घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. एवढंच म्हणाली, "मग त्यांच्याकडं जाऊन आलात का?" नाही म्हणालो. तिनं टोपली बाजूला सारली. "मग मला कशाला सांगताय?"

परिषेच्या सोमवारी सकाळी गर्दीतून वाट काढत बसपर्यंत गेलो. एका बाईनं माझ्या हातावर शेंगा ठेवल्या, चव बघा म्हणाली. नाही म्हणता आलं नाही. मूठ तशीच मिटून मी केंगेरीपर्यंत गेलो.

परसातल्या खोलीबाहेर किट्टण्णा बाजेवर बसले होते. केस पांढरे झालेले, कानात तीच बाळी, शेजारी कुबडी टेकवलेली. तिथून आवारापलीकडं रूळ दिसत होते. मला बघून उठायला गेले, मी घाईनं त्यांना बसवलं.

"इस्त्री अजून मोडली नाही तुमची," माझ्या कपड्यांकडं बघून म्हणाले.

गिरिजक्का बाहेर आली. पितळी लोट्यात कॉफी घेऊन आली, एका ताटलीत उकडलेल्या शेंगा. "तुम्ही कधी आला नाहीत, साहेब," म्हणाली. "मी म्हणायची, कशाला येतील? त्यांचं यांनी ऐकलं असतं तर हा दिवस आला असता का? तुम्ही सांगत होतात ठोकून बघा, ठोकून बघा. यांना सगळ्याची घाई. एक टोला मारायचा होता, तेवढं नाही झालं. बारा वर्षं हेच डोक्यात येतं माझ्या." ती हे रागानं बोलत नव्हती. रोज बोलून गुळगुळीत झालेलं बोलत होती. किट्टण्णा रुळांकडं बघत होते. ती आत गेली.

मी सुरुवात केली. "किट्टण्णा, त्या श्रावणात मी..."

"खणलं नव्हतंत," ते म्हणाले. "ठाऊक आहे."

मी कॉफीचा लोटा खाली ठेवला.

"पडलो तेव्हा तोंड तिथंच होतं माझं. हुत्त उभा चिरलेला. आत हळदकुंकवाचे थर, साहेब, एकावर एक. वर या सालचा, खाली गेल्या सालचा, त्याखाली त्याच्या आधीचा. बाईच्या हाताच्या पोळीसारखे पापुद्रे. पहार लागली असती तर थर तुटले असते. एकही तुटला नव्हता."

"मग तुम्ही चौकशीत..."

"कोण ऐकणार होतं? कडं तुमचं, अक्षर तुमचं, कागद तुमचा. मी हळदकुंकू दाखवणार? दवाखान्यात मी विचारलं तुम्हाला. हुत्त उघडा पडला होता ना म्हणून. वाटलं, आता सांगाल."

मी माझी मूठ उघडली. शेंगांची माती घामानं तळहाताला लागली होती. कचेरीत कागद दिलाय असं मी सांगितलं. ते मान हलवत राहिले, नको नको अशी.

"कागदाचं काय घेऊन बसलात? पाय कागदावर नाही उगवत. ही आत आहे ना, ही वाईट बाई नाही. पण बारा वर्षं मला जेवायला वाढताना तिच्या डोळ्यांत तो एक टोला असतो. मी सांगितलं तर म्हणेल, स्वतःचं झाकतोय. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला." आणि त्यांनी हाक मारली, "गिरिजे, बाहेर ये. साहेबांचं काम आहे तुझ्याशी."

ती पदराला हात पुसत आली. किट्टण्णांनी कुबडी टेकून बाजेवरच आपलं अंग वळवलं, आवारापलीकडच्या रुळांकडं तोंड केलं. आमच्याकडं आता त्यांची पाठ होती.

"तुम्ही करा काम," म्हणाले. "मी गाडी बघतो."

मी गिरिजक्कासमोर जमिनीवर बसलो. "अक्का," मी म्हणालो, "किट्टण्णांनी घाई केली नव्हती. त्यांनी मला आधीच विचारलं होतं, पाया बघितला का, आणि मी खोटं सांगितलं होतं. मी हुत्ताला हातसुद्धा लावला नव्हता. ठोकून बघा म्हणालो ते त्यांच्यासाठी नाही म्हणालो, माझ्यावर येऊ नये म्हणून म्हणालो, आणि मग तेच त्यांच्यावर घातलं. माझ्या शब्दावर ते चढले, एवढंच त्यांनी केलं. चूक सगळी माझी होती. मला माफ करा, अक्का. किट्टण्णा, मला माफ करा."